सोफा चालत निघाला

कोथरूडमधल्या एका साखरपुड्यात मी नवऱ्यामुलाच्या जागी जाऊन बसलो, तेव्हा माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. आणि माझी बायको शेजारच्या इमारतीत माझी वाट पाहत होती.

झालं ते सगळं चालण्याच्या हौसेपायी! आम्ही भाड्याचं घर बदलत होतो. नवं घर जुन्यापासून दोनच गल्ल्यांवर. वाणी, भाजी, दवाखाना, वाचनालय, सगळं पायी! या आनंदात मी जाहीर करून टाकलं, "टेम्पो कशाला? सामानही चालत जाईल."

"सामानाला पाय असतात का?" अनघाने, म्हणजे बायकोने, विचारलं.

"सोफ्याला चार आहेत!" (या विनोदाला मी एकटाच हसलो.)

बाकीचं पिशव्यांतून गेलं. उरला सोफा. अनघा किल्ली घ्यायला पुढे गेली. घरमालकीण गोखलेकाकूंशी सगळं तिनेच ठरवलेलं. मी त्यांना पाहिलंही नव्हतं. जाताना बजावून गेली, "काकू फार शिस्तीच्या आहेत. त्या म्हणतील त्याला फक्त 'हो' म्हण. आणखी एक घर शोधायची ताकद नाही माझ्यात!"

मी आणि माझा मेहुणा मंदार, दोघांनी सोफा उलटा करून डोक्यावर घेतला. पुढे मंदार. त्याला हातभर रस्ता दिसत होता आणि मला फक्त त्याच्या टाचा. वाटेत कुठल्याशा आजोबांचा आवाज आला, "सोफा फिरायला नेताय? मग पट्टा लावा की!"

"दाजी, बिल्डिंग कुठली?" मंदारने विचारलं.

"फाटकाशी तुळस आहे ती."

"सापडली!"

कोथरूडमध्ये कुठल्याही फाटकाशी तुळस सापडेल, हे आमच्या डोक्यात आलं नाही. (डोक्यावर सोफा होता.)

पहिल्या मजल्यावरचं दार सताड उघडं. बाहेर रांगोळी. आत नऊवारीतल्या एक काकू, कमरेवर हात.

"आलात एकदाचे? ही वेळ झाली?"

"हो," मी म्हणालो.

"चपला बाहेर. भिंतीला घासू नका. मधोमध ठेवा."

"हो. हो. हो."

सोफा टेकतो न टेकतो तोच दोन मुलींनी त्यावर जरीचं कापड पसरलं, मागे झेंडूच्या माळा लावल्या. मला भरून आलं. भाडेकरूचं एवढं स्वागत! तेही पुण्यात! मी ऐटीत सोफ्यावर बसलो.

"अहो, उठा!" काकू कडाडल्या. "तिथे नवरा बसणार आहे!"

"हो. मीच नवरा," मी नम्रपणे म्हणालो. "बायको येईलच इतक्यात."

दारातून शेरवानीतला एक तरुण आत येत होता. मागे त्याचं अख्खं खानदान. तो जागीच थबकला.

"आई, हे कोण?" आतून नटून आलेली मुलगी किंचाळली.

"मंडपवाले ना?" काकूही चाचरल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनघा!

"कुठे आहेस?"

"घरात."

"कुणाच्या?"

उलगडा झाला, पण सोफा कुणी सोडेना. खऱ्या मंडपवाल्याचा पत्ता नव्हता आणि मुहूर्त टळत चालला होता. नवरानवरी आमच्या सोफ्यावर बसली. आम्हा दोघांना स्वयंपाकघरात पानं वाढली. मी दुसऱ्यांदा जिलबीला हात घातला, तर समोर अनघा आणि तिच्या शेजारी करड्या चेहऱ्याच्या एक बाई. या खऱ्या गोखलेकाकू! गेली किल्ली!

काकूंनी आधी मला पाहिलं, मग माझं पान.

"दुसऱ्यांदा जिलबी? म्हणजे मुक्काम इथेच दिसतो."

"नाही हो काकू, तो सोफा..."

"नवरा शेजारी, सोफा शेजारी. माझ्या घरात राहणार कोण?"

"मी एकटी," अनघा म्हणाली. "शांतपणे."

काकू चक्क हसल्या. किल्ली अनघाच्या हातात ठेवत म्हणाल्या, "तुमच्याकडेच राहू दे. यांना देऊ नका."

तर आता राहतोय गोखलेकाकूंकडेच. पण पायी हिंडणाऱ्याला अख्खी गल्ली ओळखते. वाणी मला "काय मंडपवाले!" अशी हाक मारतो. परवा समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी भर रस्त्यात अडवलं.

"रविवारी नातवाची मुंज आहे. सोफा मिळेल ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! मी ताठ उभा राहिलो, आवाजात जमेल तेवढी जरब आणली आणि विचारलं, "लिफ्ट आहे का?"