खोडावरचा निळा लेप

ते प्रकरण डोक्यातून जात नाही आणि मी ते जाऊही देत नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन खाकी उतरवली, तरी कुठे वृक्षारोपणाचा फलक दिसला की सांगलीतलं ते ठाणं आठवतं. सकाळची हजेरी, ठाणे अंमलदाराच्या टेबलावरची स्टेशन डायरी आणि बाकावर ताठ बसलेली ती बाई.

मी मूळचा उंब्रजचा. कॉलेजात असताना चौकाचौकांत चळवळीची पत्रकं वाटायचो. फौजदार झालो, पण अशा कामांत डोकावायची सवय सुटली नाही. आमच्या हद्दीत, माधवनगरच्या रस्त्याला, एका बंद गिरणीची पडीक जागा होती. तिथे एका युवक मंडळानं कडुनिंब, करंज, बहावा लावून नागरी वन उभं केलं होतं. पैसा एका कंपनीच्या सामाजिक निधीतला. रोपं, त्यांभोवती लोखंडी जाळ्या, प्रत्येक जाळीवर कंपनीच्या नावाची पट्टी आणि पाणी घालणाऱ्या बाईंचा दोन वर्षांचा पगार. दोन वर्षांनी पगार थांबला. झाडं काही थांबली नाहीत.

पाचव्या वर्षी निधीचे अधिकारी पाहणीला आले, तर बऱ्याच जाळ्या गायब. त्यांनी अज्ञात चोरट्याविरुद्ध फिर्याद दिली, पण बोलण्याचा रोख सगळा मंडळाच्या पोरांवर होता. जाळ्या पोरांनीच विकल्या असं ठरलं असतं, तर पुढचा निधी बंद आणि जागाही हातची गेली असती. मंडळाची अध्यक्षा, जेमतेम तेविशीची मुलगी, माझ्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "साहेब, आमच्या घरांची झडती घ्या. पण वन जाऊ देऊ नका."

आम्ही आधी भंगारवाले गाठले. अशा मालाची खबर भंगारवाल्याइतकी कुणाला नसते. यावेळी एकाकडेही माल आला नव्हता. मग पंचांना घेऊन जागेवर गेलो.

पंचनामा लिहिताना एक गोष्ट खटकली. फाटकाजवळच्या कोवळ्या झाडांच्या नव्याकोऱ्या जाळ्या जागेवर होत्या. गेल्या होत्या त्या जाड खोडांच्या, गंजलेल्या. चोर नवं सोडून जुनं कशाला नेईल? वाकून पाहिलं तर खोडाभोवती कंबरेइतक्या उंचीवर खोल वळ. जाळीची तार सालीत रुतली होती, ती कुणीतरी सोडवून काढली होती आणि जखमेवर फिकट निळा लेप दिला होता.

माझा हवालदार तासगावकडचा, घरची द्राक्षबाग असलेला. त्यानं नखानं लेप खरवडला.

"साहेब, ही बोर्डो हाय. मोरचूद आन् चुना. द्राक्षाची छाटणी झाली की आमी जखमंला लावतो." मग बोट पुसत म्हणाला, "ह्यो चोर न्हाई. चोर कवा मलमपट्टी करतोय व्हय?"

आता काय विचारायचं ते कळलं. समोरच्या चहावाल्याला विचारलं, निळ्या लेपाचा डबा घेऊन इथे कोण येतं? तो म्हणाला, ती पाणी घालणारी बाई, पूर्वी द्राक्षबागेत कामाला होती; ती येते की रोज दुपारी सायकलवरून. पगार बंद झाला हे बहुतेक तिला कुणी सांगितलंच नसावं, असं म्हणून तो हसला.

तिला ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. मी नेहमीप्रमाणे लांबून सुरुवात केली. घर कुठं, कामाला कुठं. तिनं मला मध्येच तोडलं.

"आवं साहेब, आडून कशाला इचारताय? जाळ्या मीच काढल्या."

कुणाला विचारून, असं मी म्हणालो.

"झाडाचा गळा आवळलाय आन् इचारत बसू? तुमच्या कंबरंचा पट्टा पाच वर्सं ढिला न करता ठिवा, मग बघू."

हवालदारानं डायरीत तोंड खुपसलं. मंडळाला तरी सांगायचं होतं, असं म्हटल्यावर ती म्हणाली की त्या पोरीला कंपनीकडे परवानगी मागावी लागली असती, आणि परवानगी येईपर्यंत झाड मेलं असतं.

मुद्देमाल तिनंच दाखवला. मागच्या भिंतीलगत आपोआप उगवलेल्या कडुनिंबाच्या रोपांभोवती त्या जाळ्या उभ्या होत्या. नावाच्या पट्ट्या तिनं सोडवून, कापडात गुंडाळून घरी जपल्या होत्या. पावसात नाव खराब होईल म्हणून.

मी फिर्यादी अधिकाऱ्यांना ठाण्यात बोलावलं नाही, थेट वनात नेलं आणि त्या वळात बोट घालायला लावलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि 'क' समरी मंजूर झाली, म्हणजे कुणालाही आरोपी न करता प्रकरण बंद झालं. पुढच्या वर्षीचा निधी आला. त्यात पहिल्यांदाच रोपांचा आकडा नव्हता. बाईंचा पगार होता, आणि करवत, बोर्डोचा डबा, जाळ्या सोडवायला शिकणाऱ्या पोरांचं मानधन.

हे एका ठिकाणी झालं. बाकी ठिकाणी अजूनही खड्डा खणायला पैसा आहे, फोटोला आहे, नावाच्या पट्टीला आहे; तिसऱ्या वर्षी झाडाकडे बघणाऱ्या माणसाला नाही. चोराला शोधायची शपथ घेतलेला मी त्या दिवशी राखणदार शोधून आलो, आणि कायद्याच्या वहीत तिच्यासाठी रकाना फक्त आरोपीचा होता. याचा राग मला आजही येतो.

आता मीच अशा मंडळांबरोबर फिरतो. मागच्या महिन्यात त्या वनात गेलो होतो. कडुनिंबाची साल वळावरून जवळजवळ जुळून आली आहे. बाईंनी करवत माझ्या हातात दिली, माझ्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं साहेब, तुमी पट्टा येळंत काढला."