हवेवरची गाडी

सर्व्हेअर साहेब रिटायर झाले, तरी शहरातल्या गॅरेजवाल्यांच्या छातीतली धडकी काही रिटायर झाली नाही. साहेब विमा कंपनीचे. कुणाची गाडी ठोकली गेली की साहेब हजर. उकिडवे बसून चेपलेल्या पत्र्यावरून बोट फिरवायचे, टिचकी मारून बघायचे आणि गॅरेजवाल्याने जिथे ‘बदलणे’ लिहिलं असेल तिथे रेघ मारून ‘दुरुस्ती’ लिहायचे. दरवाजा पार आत गेलाय? ठोकून निघेल. दिव्याची काच तडकलीय? चिकटते. बंपरचे तुकडे झालेत? दोनच झालेत ना, मग रडता कशाला? गाडीवाला हातापाया पडो नाहीतर अंगावर येवो, साहेबांचा शब्द एकच, “चालून जाईल.” माघारी सगळे त्यांना ‘चालूनजाईल साहेब’ म्हणायचे. हे साहेबांना ठाऊक होतं, आणि मनातून ती त्यांना पदवीच वाटायची.

कंपनीचे पैसे वाचवायला हा माणूस असा वागायचा असं कुणी समजू नये. साहेब प्रामाणिक होते. बाहेर तसेच घरात. कुकरच्या कानाला तार, चष्म्याच्या दांडीला दोरा, इस्त्रीच्या वायरला इतक्या जागी टेप की मूळ वायर शोधावी लागे. बेसिनचा नळ पकडीनेच बंद व्हायचा, त्यामुळे पकड साबणाच्या शेजारी राहायची. पाहुणे हात धुवायला उठले की साहेबांच्या बायकोला त्यांच्यामागे जाऊन नळ बंद कसा करायचा ते शिकवावं लागे. “आमच्याकडे नवीन म्हणाल तर रोज एक वर्तमानपत्र येतं,” असं ती हसून सांगायची. निम्मं आयुष्य तिने असं हसण्यावारी नेलं.

मग तिच्या पाठीचा मणका सरकला, आणि तो काही तार बांधून जागेवर राहीना. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की हिंडा-फिरा, पण धक्के लागता कामा नयेत. बाईंनी डॉक्टरांना एकच विचारलं, “ताईकडे जाता येईल का?”

ही मोठी ताई म्हणजे बाईंची नुसती बहीण नव्हती. आई लवकर गेली, तेव्हा वेण्या घालण्यापासून सासरी पाठवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलेलं. आता ती थकली होती, ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोनचाही उपयोग नव्हता. समोर बसून, हात हातात घेऊन, ओठांकडे बघत बोललं तरच तिला कळायचं. तिचं गाव फार लांब नव्हतं, पण मधला रस्ता म्हणजे खड्ड्यांना खड्डे जोडून केलेला. “साध्या गाडीतून तर नाहीच,” डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी हे ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठी वस्तू घेतली. अर्थात जुनी. एका हॉटेलमालकाने वापरून विटलेली लांबलचक काळी गाडी. हिला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर चार रबरी फुगे, कंप्रेसर त्यात हवा भरणार, खड्डा आला की फुगा तो परस्पर गिळून टाकणार. पहिल्याच दिवशी साहेबांनी बायकोला दवाखान्यात नेलं. उतरताना ती म्हणाली, “अहो, रस्ता नवीन केलाय का?” साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी तो लपवला नाही. घरी येऊन पुन्हा दोनदा तेच वाक्य तिच्याकडून म्हणवून घेतलं.

इथवर साहेबांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते यापुढे. गाडीत एक बटण होतं, दाबलं की गाडी बोटभर वर उचलली जायची. इमारतीतली माणसं जमली की साहेब ते दाबायचे. “हवेवर आहे,” म्हणायचे. जणू आतली हवा त्यांनी स्वतः फुंकून भरली होती. लोक कौतुकाने बघायचे, आणि ज्या माणसाकडे आजवर कुणी कौतुकाने बघितलं नव्हतं त्याला ते सोसवलं नाही. ताईकडे जायचं तेवढं रोज उद्यावर जात राहिलं.

एका सकाळी गाडीचा पुढचा डावा कोपरा जमिनीला टेकलेला. खालच्या मजल्यावर औषधाचं दुकान चालवणारा केमिस्ट शटर उघडता उघडता म्हणाला, “काका, गाडीने नाक घासलं.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण साहेबांना ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

साहेब गॅरेजमध्ये गेले. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्याची खोड कुठे जाणार?

“एका मित्राच्या गाडीचं विचारायचं होतं,” ते फोरमनला म्हणाले.

“मित्राची गाडी काळी आहे का?”

“असेल. काळीच असेल.”

“सकाळी कामावर येताना बघितली, तुमच्या दारात नाक घासत होती, तीच?” फोरमनने हातातला पाना खाली ठेवला आणि आतल्या दोघांना हाक मारली. अशी संधी एकट्याने भोगण्याइतका तो कंजूष नव्हता. “फुगा गळतोय साहेब. आम्ही तर बदलणेच लिहू. पण तुम्ही कुठे बदलू देता? एखादा पॅच मारा. तुमच्या भाषेत, चालून जाईल.”

आतले दोघे हसले. हा फोरमन काही साधुसंत नव्हता. साहेबांनी त्याची खोटी बिलं जितकी पकडली होती तितकीच खरीही कापली होती, आणि त्याने दोन्हींचा राग सारखाच जपला होता. हात दाखवून अवलक्षण करून साहेब घरी आले ते ठरवूनच, की आता या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही.

ताईच्या मुलाचा निरोप त्याच आठवड्यात आला. तो आईला आपल्याकडे, दूरच्या शहरात कायमचं नेणार होता. महिनाअखेरीला घर रिकामं करणार. बाईंनी बॅग काढली, ताईसाठी विणलेली शाल तळाशी घातली आणि विचारलं, “कधी निघायचं?”

“रविवारी,” साहेब म्हणाले. “आधी एवढं एक गळतं बुजवतो.”

साहेबांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. टोपीवाला एक माणूस हसत हसत सांगत होता की हे काम कुणालाही घरच्या घरी जमतं. साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे येतील तिथे गळती. साहेबांनी फवारलं. हवेची नळी फुग्याला जोडते तिथे बुडबुडे आले. आतलं रबरी कडं झिजलं होतं. त्यांनी बाजारातून तस्संच कडं आणून बसवलं, आणि गाडी दुसऱ्या दिवशी उभी राहिली. खरं बोलायचं तर हे काम त्यांनी बिनचूक केलं होतं. तेवढ्यावर नशिबाने साथ दिली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण रबर म्हातारं झालं होतं. फुग्याच्या घडीत तडे गेले होते आणि घडी उलगडली की ते तोंड उघडायचे. साहेबांनी पंक्चरचा पॅच मारला. तो सुटला. चपलेच्या सोलला लावतात ते सोल्यूशन लावलं. ते तडकलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. हवा शेजारून निघाली. रविवार गेला, बॅग कोपऱ्यात तशीच. बायकोने विचारलं की साहेब दोष दाखवायचे. कधी सोल्यूशन भेसळीचं, कधी हवा दमट. एकदा तर गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि इमारतीसमोरची जमीनच एका बाजूला उतरती असल्याचं सिद्ध केलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण अंगण मोजणारा हा पहिलाच.

“गाडी म्हणूनच टेकल्यासारखी दिसते,” ते म्हणाले.

“दिसू दे की. मला ती कशी दिसते याचं काय करायचंय? मला ताईकडे जायचंय.”

“तेच तर करतोय ना?”

ते तेच करत नव्हते, आणि हे फक्त त्यांनाच कळत नव्हतं. आता ते सकाळी दूधवाल्याच्याही आधी उठून खाली जायचे आणि इंजिन चालू करायचे, म्हणजे लोक उठेपर्यंत गाडी वर आलेली असेल. दमलेला कंप्रेसर असा घुरघुरायचा की सगळी इमारत जागी व्हायची. खिडक्यांतून माणसं बघायची आणि साहेब कमरेवर हात ठेवून, सहज पहाटे फिरायला निघाल्यासारखे उभे राहायचे.

केमिस्ट एकदा वर आला. “काकू, माझी गाडी छोटी आहे, पण स्प्रिंगा चांगल्या आहेत. सीट आडवी करतो, खाली दोन गाद्या घालतो. हळूहळू नेऊन आणतो. डॉक्टरांनाही विचारून बघतो.”

बाईंचा चेहरा उजळला. साहेब मधेच बोलले, “त्या डब्यातून? तिच्या मणक्याची काळजी आहे की नाही कुणाला?”

केमिस्ट चहा न पिता गेला. काळजीचं नाव पुढे केलं की बायकोला उत्तर देता येत नाही, हे साहेबांना संसारात फार लवकर कळलं होतं.

महिना संपत आला तेव्हा कंप्रेसरने कायमचा राम म्हटला. दुसरा कुणी हरला असता. साहेबांना उलट साक्षात्कार झाला. हवा राहत नाही ना? मग हवा हवीच कशाला? त्यांनी ट्रकच्या जुन्या टायरच्या जाड चकत्या कापून आणल्या, गाडी जॅकवर घेतली आणि चारही चाकांपाशी त्या चकत्या एकावर एक ठासून बसवल्या. कंप्रेसरचा फ्यूज काढून टाकला. समोर लाल दिवा लागून राहिला, त्यावर काळी टेप लावली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांना जे म्हणत आले ते आता स्वतःच्या गाडीला करून दाखवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मावेना.

सकाळी गाडी उभी. नुसती उभी नव्हे, ताठ. साहेबांनी चारही कोपरे पट्टीने मोजले. केमिस्टला बोलावून दाखवले. केमिस्ट म्हणाला, “वा.” साहेबांनी इमारतीभोवती एक चक्कर मारली, तिथे फरशी गुळगुळीत होती. वर येऊन म्हणाले, “चल. कपडे बदल. ताईकडे जायचंय.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नवऱ्याच्या शर्टावरची काजळी हाताने झटकली. मनात आलेल्या सगळ्या वाईट विचारांची त्यांना लाज वाटली होती.

गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर होता. गाडी त्यावरून गेली आणि बाईंचा हात वरच्या कडीकडे गेला. पुढे पहिला खड्डा आला. दुसरा आला. साहेब बोलत होते, “बघ, वळणावरही कलत नाही. जरासुद्धा खाली जात नाही.” पेट्रोल पंपाच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता.

“थांबवा.”

“अगं, आत्ता तर निघालोय.”

“थांबवा म्हणते ना.” तिचे ओठ पांढरे पडले होते. “अहो, ह्यात हवा कुठे आहे?”

“हवेची गरजच ठेवली नाही,” साहेब म्हणाले, आणि सांगता सांगता पहिल्यांदा त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. “गाडी आता कधीच खाली बसणार नाही.”

बाईंना उतरता येईना. पंपावरच्या दोन माणसांनी आधार देऊन त्यांना आत नेलं आणि ऑफिसातल्या बाकावर आडवं केलं. केमिस्टला फोन बाईंनीच केला. तो आला, सीट आडवी केली, गाद्या घातल्या. तो त्यांना ताईकडे नेऊ शकला नाही, दवाखान्यातच न्यावं लागलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, साहेबांकडे बघितलं आणि पलंगावरून हलायचं नाही असं सांगितलं. महिनाअखेरीला ताईचा मुलगा शाल घ्यायला दारात येऊन गेला. ताई खाली त्याच्या गाडीत बसली होती. तिला जिना चढवत नव्हता आणि बाईंना पलंगावरून उठवत नव्हतं. त्याने आईचा फोटो काढून आणून मावशीला दाखवला. बाईंनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “तिला सांग, मी वर आहे.”

“सांगितलं मावशी. नीट कळलं नाही तिला.”

साहेब खिडकीत उभे होते. खाली ती गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून एक हात बराच वेळ हलत होता, पण तो चुकीच्या खिडकीकडे हलत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब गॅरेजमध्ये गेले. या वेळी मित्राचं नाव सांगितलं नाही. फोरमनने गाडी वर घेतली, टायरच्या चकत्या एकेक करून बाहेर काढल्या आणि जमिनीवर मांडल्या. हसायला आतून दोघे आले होते, पण साहेबांचं तोंड बघून कुणी हसलं नाही.

“काय काय बदलू?” फोरमनने विचारलं.

“सगळं बदला,” साहेब म्हणाले.

गाडी परत आली ती पहिल्या दिवसासारखी. बाई तोवर काठी घेऊन घरात हिंडू लागल्या होत्या. साहेबांनी त्यांना हाताला धरून जिना उतरवला, सावकाश, एकेका पायरीवर थांबत. बटण दाबून गाडी खाली केली, म्हणजे बसताना पाय उचलायला नको. दार उघडलं, सीटवर उशी नीट केली.

“बस,” ते म्हणाले. “आता एकही धक्का लागणार नाही. माझी शपथ.”

बाईंनी सीटवरून हात फिरवला. मऊ होती.

“आता कुठे जायचंय?” त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, अगदी साधं विचारलं. साहेब सांगतील म्हणून त्या काठीवर भार देऊन थांबल्या, आणि साहेब उघडं दार धरून तसेच उभे राहिले.