वाळवंटात सडा

सहारा वाळवंटात सकाळी उठून अंगणभर सडा घालणारी बाई जगात एकच, आणि ती मी. तेव्हा लहान होते हो, बासष्ट वर्षांची. समज यायची होती. ज्यांचं पाणी मी ओतलं ते ओपा गेल्या हिवाळ्यात गेले, तेव्हा आता कबूल करायला हरकत नाही.

ओपा म्हणजे डच भाषेत आजोबा. मोरोक्कोच्या वाळवंटातली ती सगळी वस्ती त्यांना याच नावाने हाक मारी, कारण हा गृहस्थ डच मुलखातल्या टिलबर्गच्या कारखान्यात तीस वर्षं काढून गावी परतला होता. येताना तिथल्या दोन गोष्टी घेऊन आला. एक, दाराला बसवलेली सायकलची घंटा. दुसरी, चहाबरोबर एकच बिस्कीट, की लगेच डबा बंद. मी जिच्याकडे तिकडेच डच मुलखात राहते ती माझी मुलगी मुग्धा म्हणाली, "आई, हे तर आपल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या शेजारणीचे सख्खे भाऊ."

कोरोनाच्या पहिल्या मार्चमध्ये आम्ही दोघी जीपने वाळवंट ओलांडायला निघालो होतो. अर्ध्या वाटेत बातमी आली, सीमा बंद, विमानं बंद. आमचा ड्रायव्हर आम्हाला ओपांच्या घरी ठेवून शहराकडे चौकशीला गेला. मी रडगाणं सुरू केलं. ओपा म्हणाले, "डू मार रुस्तिख, मेव्राव." म्हणजे, दमानं घ्या बाई. वाळूचं वादळ असो की शेळीचं बाळंतपण, त्यांचं उत्तर हेच. त्यांचं कारखान्यातलं डच आणि माझं दुकानातलं डच, दोन्ही सारखीच मोडकी, त्यामुळे छान जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नमाजाला गेले. लोकांकडे बसून खायचं माझ्या जिवावर आलेलं. काहीतरी हातभार लावावा म्हणून मी पाण्याकडे मोर्चा वळवला. रात्रीचं पाणी शिळं, सकाळी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. आईने हे माझ्या हाडात मुरवलेलं. दोन रांजण आणि एक पिंप, सगळं रिकामं केलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून सडा घातला. नशीब, रांगोळी जवळ नव्हती. मग भांडी वाळूने लख्ख घासून उन्हात पालथी घातली आणि नळ शोधायला निघाले.

नळ नव्हता. आठवड्यातून एकदा टँकर येई. तो आदल्याच दिवशी येऊन गेला होता, आणि रस्ते बंद झाल्यावर पुन्हा येईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन माणसं, दोन शेळ्या, सहा दिवस. मुग्धाने मला हे समजावून सांगेपर्यंत सडा वाळलासुद्धा.

ओपा आले. पालथे रांजण बघितले, मग माझं तोंड बघितलं. नंतर एवढंच म्हणाले, "रुस्तिख." गाढवावर कॅन लादले आणि मला बरोबर चला म्हणाले.

वस्तीत अकरा घरं. प्रत्येक दारात ओपा काहीतरी सांगत, घरातली बाई चुकचुके आणि आपल्या पिंपातलं लोटाभर पाणी आमच्या कॅनमध्ये ओती. टँकरची धास्ती त्यांनाही होतीच. वर चहा. तिकडे अ‍ॅमस्टेलव्हीनला माणसं एकमेकांपासून दीड मीटर लांब उभी होती. इथे बायका हात धरून मला आत ओढत होत्या. हनुवटीवर गोंदण असलेल्या एका म्हातारीने माझ्या कपाळावरच्या गोंदणावर बोट ठेवलं आणि बोळकं पसरून हसली. मग तिने नक्कल करून दाखवली: हात थरथरतोय, रांजण कलंडतोय. आणि ओपांकडे बोट दाखवलं. तेव्हा मला कळलं, ओपा दारोदार काय सांगत होते ते. म्हातारपणामुळे पाणी त्यांच्या स्वतःच्याच हातून सांडलं म्हणून.

त्या पाण्यावर आम्ही दिवस काढले. मी वाटीभर पाण्यात तोंड धुवायला शिकले. सातव्या दिवशी दाराची घंटा वाजली. दारात टँकरवाला, मास्क हनुवटीला. रांजण भरताना मी हमसून रडले. त्या दिवशी ओपांनी मला दुसरं बिस्कीट दिलं.

पुढे खास विमानाची सोय झाली, जीप न्यायला आली. निघताना मी त्यांना विचारलं, माझा दोष तुम्ही अंगावर का घेतलात?

ते म्हणाले, "मेव्राव, टिलबर्गला पहिल्याच आठवड्यात मी घरमालकिणीची सगळी भांडी पाण्याने भरून ठेवली. नळाचा काय भरवसा? आंघोळीचा टबही भरायला लावला आणि कामावर गेलो. पाणी छतातून थेट तिच्या जेवणाच्या टेबलावर. तिने नवऱ्याला सांगितलं, पाइप फुटला."