काच दळलेली गिरण

सिमेंटात काचेची पूड आता शास्त्र बघून घालतात म्हणे. घालोत. मला मात्र ते ऐकलं की दुष्काळातली ती दुपार आजही आठवते.

मी चौथी शिकलेला. शिपायाचा फौजदार झालो तो स्वतःच्या हिमतीवर. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मिरजगावकडचा एक गवंडी ठाण्यात आला आणि त्याने टेबलावर तळहात उताणे ठेवले. बारीक ओरखडे, रक्ताळलेले.

"सायेब, शाळंच्या स्लॅबचं सिमेंट टोचतंय. उन्हात चमकतंय बी."

"राख मिसळली असंल."

"राख चावती व्हय?"

नोंद करून सिमेंट पुरवणाऱ्याला उचलला. दोन तास तो 'न्हाई'च म्हणत होता. शेवटी त्याच्याच सिमेंटचं घमेलं पुढे ठेवलं. "मळ हातानं." त्याने हात मागे घेतला. तिथेच फुटला. बाटल्या फोडून गावच्या पिठाच्या गिरणीत दळल्या होत्या.

गिरणीवर पोचलो तसा गिरणीवाला पाया पडला. "आज परत दळल्या, सायेब. मागनं दोन शेर ज्वारी घालून दगड साफ केला."

मी म्हटलं, आधी पंचनामा. पंच बोलावले, पोती मोजली, गिरणीला सील ठोकलं. तासभर लागला, पण एक ओळ चुकली नाही. उठता उठता विचारलं, "ते ज्वारीचं पीठ कुठाय?"

गिरणीखालचा पिठाचा डबा रिकामा होता. आतून त्याची बायको म्हणाली, "म्हातारीला दिलं की. रोजच्यावानी."

गिरण झाडली की सांडलेलं पीठ देवळामागच्या एकट्या म्हातारीला द्यायचं, ही त्या घराची जुनी रीत. काचेचं बायकोला ठाऊक नव्हतं.

मी पळत सुटलो. म्हातारी पाण्यात भाकरी कुस्करून खात होती. तोंडात एक दात नाही, कचकच कळणार कशी?

"आजी, थुंक ते!"

तिने ताट पोटाशी ओढलं. "का रं बाबा, भाकरीला बी परमिट लागतं व्हय?"

जीपमधून नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत मी तिच्या ओठांकडेच बघत होतो, रक्त येतंय का म्हणून. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. आठ दिवस मला घास गिळवला नाही. म्हातारी वाचली.

स्लॅब पाडला. आरोपीला शिक्षा झाली. कोर्टात माझ्या पंचनाम्याची तारीफ झाली, ती मी मान खाली घालून ऐकली. त्यानंतर कुठल्याही जागी गेलो की आधी विचारायचो, इथून कुणी काय नेलं, काय खाल्लं? कागद मागाहून.

कारण चूल कधी पेटवली ते दवाखान्यात म्हातारीनेच सांगितलं होतं. मी पंचनाम्याची पहिली ओळ लिहिली, तेव्हा तिची चूल अजून पेटायची होती.