डाळीला विचारलेलं पाणी

आमचे हे हैदराबादेत दोरीला लटकून काचा धुवायचे. काचंच्या बिल्डिंगी तिथं तवा नव्यानंच उठायल्या होत्या. एकदा दोरी हातभर घसरली. घरी येऊन हसत हसत सांगतात, "कायी झालं न्हाई गं, उगं झोका बसला." झोका म्हणे! मी त्याच दिवशी गाठोडं बांधलं. म्हणलं, "चला गावाकडं. निंबर्ग्यात ज्वारी काढू, पण आता वर चढायचं न्हाई."

निघताना तिथल्या मुकादमानं ह्यांना एक जुना लांब दांडा दिला. टोकाला ब्रश, ब्रशातून पाणी. जमिनीवर उभं राहून तिसऱ्या मजल्याची काच धुता येती. अट एकच, पाणी असं पाहिजे की वाळल्यावर डाग पडू नये, कारण वर पुसायला कुणी नसतंय. त्या माणसाचं तोंड मी कधी बघितलं न्हाई, पण रोज दिवा लावताना त्याची आठवण काढते.

गुलबर्ग्यात एका अप्पांनी नवीन दवाखाना बांधला होता, समोरून सगळी काच. काम आम्हाला दिलं. पण आमच्या बोअरचं पाणी असलं खारट की हंड्याच्या बुडाला पांढरी खपली धरायची. पाणी शुद्ध करायची मशीन घ्यायला हवी होती. पाणी जमलं तर हे खाली, न्हाई जमलं तर पुन्हा दोरी. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुकानात दोन मशिनी चालू होत्या. एक बारकी, पाणी मऊ करणारी. दुसरी मोठी, आरओची, आणि तिच्या मागं आणखी एक टाकी, आत राळ्यासारखे पिवळे दाणे, पाण्यातला उरलासुरला क्षार ओढणारे. दुकानदार म्हणला, "अक्का, काचंला मोठीच घ्या." पण मोठी मशीन निम्मं पाणी नळीतून बाहेर सांडायली होती. उन्हाळ्यात टँकरमागं पळणारी बाई मी, मला ते बघवंना. म्हणलं, "दोन्हीचं पाणी द्या कॅनात. मी घरी बघते."

आमच्याकडं पाण्याची पारख डाळीवर. सोयरीक जुळवायला गेल्या तरी बायका आधी इचारतात, तुमच्या हिरीच्या पाण्यात डाळ शिजती का? मी दोन पातेल्यांत मूठ मूठ तुरीची डाळ टाकली. दोन्हीकडं लोण्यावानी शिजली. मग काय, मी ह्यांना ठणकावून सांगितलं, "बारकी घ्या. तो दुकानदार उगं मोठी गळ्यात मारायलाय." ह्यांनी कधी माझा शब्द मोडला न्हाई. तिथंच चुकलं.

दवाखान्याची काच धुतली, ऊन लागलं, आणि वरपासून खालपर्यंत पांढरे ठिपके. अप्पा बाहेर आले, बघितलं आणि आत गेले. हे घरी आले आणि पेटीतून दोरी काढून तिच्या गाठी तपासायला बसले. मी म्हणलं, "कामून काढली?" तर म्हणतात, "डाग तर पुसावे लागतील की."

मी तशीच उठले, तरातरा दुकानात गेले आणि भांडायलाच लागले. दुकानदारानं ऐकून घेतलं. मग आरसा आणला, दोन्ही मशिनींच्या पाण्याचा एक एक थेंब त्याच्यावर टाकला आणि उन्हात ठेवला. वाळल्यावर बारकीच्या थेंबाचं पांढरं कडं राहिलं. मोठीच्या थेंबाची जागाच सापडंना.

"अक्का," तो म्हणला, "मऊ पाण्यात डाळ शिजती, पण क्षार त्यात ऱ्हातोच. तुम्ही डाळीला इचारलं, काचंला इचारलं न्हाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या भल्या माणसानं मशीन बदलून दिली. सांडणाऱ्या पाण्याखाली मी बादली लावली, त्याच्यात आजपण भांडी घासते.

ह्यांच्या आधी मी अप्पांकडं गेले. सगळं सांगितलं, डाळीसकट. ते हसले आणि म्हणले, "पुन्हा धुवा की. पण माझ्या दवाखान्याला माणूस टांगायचा न्हाई. ठिपके राहिले तर राहू द्या." मी त्यांच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दांडा उचलला. मी फाटकापाशी उभी. पाणी वरून ओघळलं, ऊन आलं, काच वाळायला लागली. एक ठिपका न्हाई! समोरचं लिंबाचं झाड पानापानासकट काचंत दिसायलं.

ह्यांनी दांडा भिंतीला टेकवला. मग माझ्याकडं न बघताच म्हणले, "तिथं दोरीवर मला रोज भ्या वाटायचं गं. रोज."

आणि हाच माणूस मला हसत हसत झोका म्हणून सांगत होता. मी तिथंच, दवाखान्याच्या फाटकात, सगळ्यांच्या देखत रडले. आत येणारी एक म्हातारी थांबली, तिला वाटलं माझं कुणी आत दाखल असंल, आणि मला धीर देत म्हणली, "बाई, होतंय बरं तुझं माणूस." मी म्हणलं, "व्हय आजी, झालं बरं."