मजाभाऊला पैकीच्या पैकी

मजाभाऊला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं, "मजामां!" म्हणजे मजेत. सुरतेत 'केम छो'ला हे उत्तर सगळेच देतात, त्यात नवल नाही. पण जेवलास का? मजामां. पाय कशानं सोलला? मजामां. एकदा गल्लीतल्या कुत्र्यानं त्याची पोटरी फोडली, तेव्हा टाके घालणाऱ्या डॉक्टरलाही त्यानं तेच सांगितलं. चाळिशीला आलेला, अंगानं थोराड माणूस. खरं नाव रेशनकार्डावर असेल. तिथल्या नवागाम वस्तीत सगळे त्याला मजाभाऊच म्हणत.

माझी त्याची ओळख एका फॉर्ममुळे झाली. बौद्धिक दिव्यांग लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी होते. घरोघर जाऊन या माणसांचं जगणं किती सुखाचं आहे ते मोजायचं, हे माझं काम. मित्र आहेत का, बाहेर जायला मिळतं का, दुखलंखुपलं तर कुणी बघतं का. प्रत्येक उत्तराला गुण. घरच्यांनी मध्ये तोंड घालू नये, ज्याचं त्यानं सांगावं, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून मी त्याच्या आईला गप्प बसवलं आणि त्यालाच विचारलं. मजाभाऊला पैकीच्या पैकी गुण पडले. एका खोलीचं, तासभर पाणी येणारं, खानदेशातून येऊन तिथं टेकलेलं ते घर कागदावर सुखानं नुसतं ओसंडत होतं.

माय कपाळाला हात लावून हसली. "तोंडनं काय खरं धरस, ताई? मीच शिकाडेल शे त्याले. मजामां म्हनं का लोके चालना जातस. पोट दुखी तरी तो मजामांच म्हनी. तू त्याना खिसा देख."

खिशाची गोष्ट अशी. माय घरी साड्या आणायची, लोंबते धागे कापायला. मायलेक समोरासमोर बसत. ती कापायची, तो प्रत्येक धागा उचलून बोटाभोवती गुंडाळायचा, त्याची गोळी करायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. दिवस कलेपर्यंत खिसा टम्म फुगायचा. ज्या दिवशी धागे फरशीवर तसेच पडून राहत, त्या दिवशी माय काही न विचारता त्याचं कपाळ बघायची, मग पोट दाबायची, मग जबडा उघडायची. कुठं ना कुठं दुखणं सापडायचंच. माझ्या फॉर्मात खिशाला रकाना नव्हता. मी कौतुकानं ऐकून घेतलं आणि कुठंही लिहिलं नाही.

वर्षभरानं माय गेली. धाकटा भाऊ पांडेसऱ्यात रंगाच्या मिलमध्ये बारा तासांची पाळी करायचा, तोवर मजाभाऊला कुलपात ठेवायची वेळ आली. मग मीच धावपळ करून बारडोलीकडच्या एका वसतिगृहात त्याला जागा मिळवून दिली. खाट, पंखा, दोन्ही वेळा गरम जेवण. मला स्वतःचाच अभिमान वाटला होता. तिथं साड्या नव्हत्या, म्हणून मजाभाऊ चादरींचे धागे ओढायचा. तिथल्या बाई वैतागून सांगायच्या, "बधी चादर फाडी नाखे छे!"

तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा चादर शाबूत होती. मजाभाऊ गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडला होता. उशीच्या अभ्र्याचा एक लांबलचक धागा अगदी त्याच्या बोटांपाशी लोंबत होता. त्यानं त्याला हात लावला नाही.

"कसं वाटतंय, मजाभाऊ?"

"मजामां." आवाज बारीक होता.

"कुठं दुखतंय का?"

"मजामां."

'त्रासदायक सवयी' असा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं, पूर्ण थांबल्या. त्याचे वेगळे गुण असतात, तेही दिले. बाई खूश झाल्या, मीही झाले, आणि आम्ही दोघींनी व्हरांड्यात बसून चहा घेतला.

चौथ्या दिवशी फोन आला. आतडं फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तरी पोट दुखत असणार, एवढ्या दुखण्यात माणूस गडाबडा लोळतो, तुमच्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आलं होतं हो. मी ते माझ्या अक्षरात लिहून, सही करून दिलं होतं. एका अंगठेबहाद्दर बाईनं मला अचूक माप शिकवलं होतं आणि मी शिकलेली असल्यामुळे ते वापरलं नाही. मला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर सोसवला असता.

स्मशानातून बाहेर पडताना धाकटा भाऊ माझ्याजवळ आला. पाळीवरून तसाच निघाला होता, नखांत निळा रंग होता. म्हणाला, "ताई, भाऊ तठे सुखमा व्हता ना?"

मी "हो" म्हणाले. त्याला ते खरं वाटलं. भर रस्त्यात तो वाकला आणि माझ्या पाया पडला.