टबातल्या गोळ्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाऊंचं टायरचं दुकान आहे. दुकानात एक खुर्ची आहे, पण तिच्यावर टायर बसतात. भाऊंना दोन मिनिटं एका जागी टेकलेलं मी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही. फोन आला तरी ते कंप्रेसरभोवती फेऱ्या मारत बोलतात. नट पिळून पिळून त्यांचा उजवा हात डाव्याच्या दीडपट झालाय, शर्टाची ती बाही कायम तट्ट, आणि त्याचा तोरा काय विचारता! हवा मोजायचा गेज खिळ्याला लटकून गंजला. भाऊ अंगठ्याने टायर दाबतात आणि म्हणतात, "तीस." गेज लावून बघा, तीसच.

मी समोरच राहते. माझी खिडकी नेमकी त्यांच्या दुकानावर उघडते, त्याला मी काय करणार? घर मी बांधलेलं नाही.

गेल्या वर्षी भाऊंचं डोकं सारखं ठणकायला लागलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, धरून दवाखान्यात नेलं. ब्लडप्रेशरचा वरचा आकडा एकशे ऐंशी निघाला. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. महिन्याभरात आकडा एकशे तीसवर आला आणि दवाखान्यातून येताना भाऊ वाटेतच मला म्हणाले, "झालं काम. प्रेशर बरोबर आलं की कंप्रेसर बंद करायचा असतो. चालूच ठेवला तर टायर फुटेल की!"

मला वाटलं, गंमत करतायत.

पण भाऊ रोज दुकानात निघाले की वहिनी त्यांच्या हातावर गोळी ठेवायच्या, आणि भाऊ दुकान उघडून ती सरळ टबात टाकायचे. पंक्चर शोधायला ट्यूब बुडवतात ना, त्या साबणाच्या पाण्यात. प्लॉप! मी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्लॉप. टबातल्या पाण्याचं ब्लडप्रेशर त्या वर्षी अगदी नॉर्मल असणार.

"वहिनींना सांगू का?" मी जाऊन विचारलं.

"सांगा. तुमच्या पोटात काही राहतं का?"

हे मला लागलं. राहतं की नाही, दाखवतेच, म्हणून मी गप्प बसले. आणि तिथेच चुकले. गल्लीतल्या सगळ्या भानगडी मी बिनघोर चघळते, पण ही एक गिळून बसले आणि माझ्या जिवाला स्वस्थता नाही. पोळी करता करता खिडकीशी यायचे, पोळी करपायची.

एका दुपारी ट्रकचं चाक सोडवताना भाऊ पाना तसाच टाकून उकिडवे बसले. छातीवर तळवा, दुसऱ्या हाताने जबडा चोळतायत. मी धावले. चार-पाच मिनिटांत ते उठले.

"गॅस," म्हणाले.

"गॅस जबड्यात कधीपासून जायला लागला?"

"तुमच्या जिभेत शिरला, तेव्हापासून."

दोनच दिवसांनी जिना चढताना तेच. दुसऱ्या मजल्यावर थांबले आणि फोन बघण्याचं नाटक करू लागले. फोन उलटा धरला होता. मग मात्र वहिनींनी ऐकलं नाही. त्या भाऊंना धरून दवाखान्यात निघाल्या, मीही सोबत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, हे खरं.

डॉक्टरीणबाईंनी आकडा घेतला. एकशे नव्वद. छातीला तारा लावून पट्टी काढली, ती बराच वेळ बघितली. "गोळी रोज घेता?"

"हो," भाऊ म्हणाले.

"मी स्वतः हातावर ठेवते," वहिनी म्हणाल्या.

खोलीत पंखा फिरत होता. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गाडीखाली असते तर वरचा जॅकच काढून घेतला असता.

"टबात टाकतात," मी म्हणाले.

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई रागावल्या नाहीत. भाऊंचा उजवा हात धरून म्हणाल्या, "जोर लावून लावून हा जाड झाला, तसंच तुमचं हृदयही जाड झालंय. चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलतंय ना! पण हाताला रात्री सुट्टी असते. आणि जाड स्नायूला रक्तही जास्त लागतं. ते आणणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या असाव्यात. बसलात की भागतं, जोर लावलात की कमी पडतं, म्हणून छाती धरते."

"मग आतून साफ करा नळी."

"कचरा नळीत साचलेला नाही हो, भिंतीत आहे. दाबाने आतलं अस्तर खरचटतं, त्याखाली चरबी मुरते, वर पातळ साल धरते. एखाद्या दिवशी ती साल फाटते. शरीराला वाटतं, पंक्चर! ते धावत जाऊन पॅच लावतं, रक्ताची गुठळी. पण लावतं आतल्या बाजूने."

भाऊंचा पाय इतका वेळ हलत होता, तो थांबला. "आतून पॅच लावला तर रस्ताच बंद."

"त्यालाच हार्ट अटॅक म्हणतात."

"पण माझा आकडा बरोबर आला होता!"

"भाऊ," मला राहवेना, "ते मास्तर रोज सकाळी स्कूटरला हवा भरायला येतात ना? चाक ठणठणीत दिसतं ते तुम्ही रोज भरता म्हणून. एक दिवस चाक बरं दिसलं म्हणून उद्या येऊ नका, असं सांगता का त्यांना?"

बाई हसल्या. भाऊ नाही हसले.

नळ्यांच्या तपासणीची तारीख पुढच्या सोमवारची मिळाली. तोवर पाना बंद, आणि बसल्या जागी छाती भरून आली तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. वहिनींनी दुसऱ्या दिवसापासून गोळी हातावर ठेवलीच नाही, सरळ जिभेवर ठेवली, आणि पाणी पिईपर्यंत हलल्या नाहीत. भाऊ माझ्याशी बोलणं बंद करून टायरांच्या खुर्चीत बसले. खरंच बसले. मला ते बघवेना.

म्हणून मी सायकल काढली आणि रोज दुकानात ढकलत न्यायला लागले. हवा बघायचा बहाणा, टबात डोकावायचं, गोळी गालात दडवून आणून थुंकली असली तर! तळाला काही नाही.

काल चौथ्या दिवशी भाऊंनी बसल्या बसल्या अंगठ्याने माझं चाक दाबलं.

"तीस. कालही तीस होतं. रोज काय बिघडतं हिचं?"

"हळू हळू गळतं हो कुठून तरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टबाकडे. आणि शाळेतल्या पोरासारखा आ करून जीभ बाहेर काढून दाखवली.

"गिळली. आता जा. आणि सोमवारी निघताना हाक मारीन, तुमच्या वहिनीबरोबर बसायला कुणी तरी लागेल."